दुर्मिळ स्पोर्ट्स कार गुंतवणूक म्हणून घेताना: मुंबईतल्या नवख्यांसाठी

अंधेरीतल्या एका इमारतीच्या तळघरात मी एका चंदेरी गाडीचा सीटबेल्ट ओढत होतो. हळूहळू, अगदी शेवटापर्यंत. जर्मन, दोन दारांची, मॅन्युअल गिअरची गाडी. किलोमीटर कमी, रंग आरशासारखा. ब्रोकर म्हणत होता, "दादा, एकदम क्लीन पीस आहे, पावसात काढलेलीच नाही." पट्टा संपत आला तेव्हा शेवटच्या वीतभर भागावर चहाच्या डागासारखी तपकिरी रेघ दिसली. बोट फिरवलं तर बोटाला बारीक माती लागली. मग सीट पुढे सरकवून खालचे बोल्ट पाहिले, ते गंजून फुगले होते. ही गाडी कधीतरी सीटपर्यंत पाण्यात उभी होती.

ती गाडी मी सोडली. पण माझ्यासोबत आलेला मित्र त्याच दिवशी टोकन द्यायला निघाला होता, आणि आयुष्यभराची बचत घालायला निघालेला तो एकटाच नाही. म्हणून हे सविस्तर लिहितोय. क्लासिक किंवा व्हिंटेज गाड्यांची वाट वेगळी आहे. इथे गेल्या वीसेक वर्षांतल्या स्पोर्ट्स कारबद्दलच बोलू.

आधी वहीत हिशोब मांडा

समजा एक कोटीची गाडी घेतली. तेच पैसे सात टक्क्यांच्या एफडीत ठेवले, तर कर सोडून दहा वर्षांत जवळजवळ दुप्पट होतात. म्हणजे गाडीला नुसती किंमत टिकवून चालणार नाही. दहा वर्षांनी ती दोन कोटींना विकली गेली, तरी दर वर्षीचा विमा, सर्व्हिस, टायर आणि पार्किंग यांचा खर्च उरतोच. भारतात असा परतावा देणाऱ्या गाड्या फार थोड्या आहेत.

माझं मत स्पष्ट आहे: घर, मुलांचं शिक्षण आणि म्हातारपण यांची सोय झाल्यावर जो पैसा उरेल, फक्त त्यातूनच गाडी घ्या. कर्ज काढून तर अजिबात नको. मग गाडीला आधी बँकेच्या व्याजाशी शर्यत लावावी लागते, आणि ती शर्यत ती बहुतेक वेळा हरते. गाडीवर मनापासून प्रेम असेल, तर आनंद घेत पैसे शाबूत ठेवणं हेच चांगलं उद्दिष्ट. किंमत वाढली तर उत्तमच.

जगात दुर्मिळ आणि मुंबईत दुर्मिळ, यातला फरक

नवखा माणूस परदेशी लिलावांचे आकडे वाचून गाडी निवडतो. तो बाजार आपला नाही. भारतात वापरलेली गाडी आयात करायची तर ती बनून तीन वर्षांपेक्षा जास्त झालेली नसावी, उजव्या हाताच्या स्टिअरिंगची असावी, आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच आत येऊ शकते. वर सीमाशुल्क इतकं की गाडीच्या किमतीपेक्षा शुल्कच जास्त होतं. दुसऱ्या टोकाला, पन्नास वर्षांहून जुन्या व्हिंटेज गाड्यांसाठी सवलत आहे. मधल्या साऱ्या गाड्यांना दार बंद.

याचा अर्थ नीट समजून घ्या. २०१५ ची एखादी स्पोर्ट्स कार आज देशात जितकी आहे, तितकीच राहणार. अपघातात, पुरात, आगीत गेलेल्या कमी होतील, नवीन येणार नाहीत. ही गोष्ट तुमच्या बाजूची. पण उलट दिशाही तितकीच अवघड आहे. इथे नोंदलेली गाडी परदेशी नेऊन विकणं तुमच्या-माझ्यासारख्याच्या आवाक्यातलं नाही. तुमचं उद्याचं गिऱ्हाईक मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद अशाच ठिकाणी असणार. त्या माणसाला ही गाडी हवी असेल का? तिचे सुटे भाग मिळतील का, तिला हात लावणारा जाणकार इथे असेल का? निवड या प्रश्नांवर करा.

उदाहरण म्हणून निस्सान जीटी-आर बघा. २०१६ च्या डिसेंबरात ती भारतात १.९९ कोटींना आली. जगभर तिच्या सुमारे ४८,००० गाड्या बनल्या, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये उत्पादन थांबलं. जगाच्या हिशोबात ती दुर्मिळ म्हणता येणार नाही, भारतात मात्र आहे. पण ती विकली जात होती तेव्हा तिच्यासाठीचं कंपनीचं खास केंद्र नोएडात होतं. मुंबईतल्या मालकाने फ्लॅटबेड ट्रकवर घालून गाडी दीड हजार किलोमीटर पाठवायची, याचा खर्च आणि काळजी किमतीत धरायलाच हवी.

लहान बजेट असेल तर तिथेही वाट आहे. परदेशी कंपन्यांना इथल्या चाचण्यांतून सूट घेऊन वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या आणता येतात, त्यामुळे काही मॉडेल्स छोट्या तुकड्यांत येतात. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस २४५ च्या २०२० मध्ये फक्त २०० गाड्या आल्या. २०२५ मध्ये गोल्फ जीटीआयची पहिली तुकडी १५० ची होती. आकडा लहान आहे म्हणून लगेच भाव चढतो असं मात्र समजू नका. २०१६ मध्ये फोक्सवॅगनने पोलो जीटीआयच्या ९९ गाड्या आणल्या, किंमत २५.९९ लाख. वर्षभरात तीच गाडी १९.९९ लाखांना विकायला काढावी लागली. पहिल्या दिवशी धावत गेलेल्यांचे सहा लाख तिथेच गेले. दुर्मिळता आणि मागणी एकत्र यायला वर्षं लागतात. घाईने घेणाऱ्यापेक्षा थांबून दुसरा किंवा तिसरा मालक होणारा बऱ्याचदा फायद्यात राहतो.

कुठल्या खुणांची गाडी टिकते

माझ्या दृष्टीने तीन खुणा महत्त्वाच्या आहेत. मॅन्युअल गिअरबॉक्स, टर्बो (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) नसलेलं, उंच आरपीएमचं म्हणजे जास्त वेगाने फिरणारं इंजिन, आणि त्या परंपरेतली शेवटची गाडी असणं. यातल्या दोन जुळल्या तरी पुढे विचार करायला हरकत नाही. ऑडी आर८ चं व्ही१० इंजिन टर्बोविना होतं आणि २०२४ मध्ये ती बंद झाली. तिच्या पहिल्या पिढीतली, धातूच्या खाचांमधून दांडा सरकवायची मॅन्युअल आर८ अधिकच मोलाची. आजच्या शोरूममध्ये बघायचं तर बीएमडब्ल्यू एम२ मॅन्युअलमध्ये मिळते, आणि २०२५ मध्ये झेड४ एम४०आयसुद्धा मॅन्युअल पर्यायासह आली. या दोन्ही टर्बोच्या आहेत, पण पायाखाली क्लच असलेली नवी गाडी मिळण्याचे दिवस संपत आलेत.

कंपनीवर मात्र विसंबू नका. पोर्शने २०१६ मध्ये ९११ आर काढली. चार लिटरचं टर्बोविना इंजिन, फक्त मॅन्युअल, एकूण ९९१ गाड्या. त्या वेळी ९११ चीच जीटी३ ही आवृत्ती मॅन्युअलमध्ये मिळत नव्हती, म्हणून आर चा भाव काही महिन्यांत मूळ किमतीच्या कितीतरी पट झाला. पुढच्याच वर्षी पोर्शने जीटी३ मध्ये मॅन्युअल परत आणला, जीटी३ टूरिंग काढली, आणि आर चा भाव झपाट्याने उतरला. शिखरावर घेतलेल्यांना ते फार महाग पडलं. तुमच्या गाडीचं वेगळेपण कंपनी उद्या पुन्हा विकू शकते का, हा प्रश्न खरेदीपूर्वी विचारलाच पाहिजे.

आणि गाडी मूळ रूपात घ्या. वेगळा एक्झॉस्ट, बदललेली चाकं, ईसीयूचं (इंजिनाच्या संगणकाचं) ट्यूनिंग हे आजच्या मालकाच्या हौसेचं असतं, उद्याचं गिऱ्हाईक त्याचे पैसे कापतं. आधीच बदल केलेले असतील तर मूळ सुटे भाग सोबत मिळतात का ते बघा. ते नसतील तर भाव कमी करा किंवा उठा.

कागदं

इथे सर्वांत जास्त वेळ द्या. इंजिन दुरुस्त होतं, कागद दुरुस्त होत नाही.

आरसीवरचा चेसिस नंबर गाडीवर प्रत्यक्ष वाचा. काचेखालची पट्टी आणि बॉडीवर कोरलेला नंबर, दोन्ही. मग एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालक कितवा, कर्ज आहे का, विमा आणि पीयूसी चालू आहे का ते पाहा. चलानं थकली असतील तर ती भरून घेतल्याशिवाय बोलणी पुढे नेऊ नका. कर्ज फिटलं असं तोंडी सांगितलं तरी आरसीवर बँकेचं नाव असेल, तर फॉर्म ३५ (आरसीवरची कर्जाची नोंद काढण्याचा) आणि बँकेची एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम द्यायची नाही. माझ्या एका खरेदीत या एका कागदासाठी अकरा आठवडे गेले. कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलं होतं, पण त्या बँकेची शाखा दुसऱ्या शाखेत विलीन झाली होती आणि फाइल कुणालाच सापडत नव्हती.

एमएच-०१ ताडदेव, ०२ अंधेरी, ०३ वडाळा, ४७ बोरिवली. या नंबरांची गाडी थोडी महाग पडली तरी मला ती परवडते, कारण महाराष्ट्राचा कर आधीच भरलेला असतो. पुदुच्चेरी किंवा इतर राज्यांत नोंदलेल्या महागड्या गाड्या मुंबईत पुष्कळ दिसतात. तिथला कर कमी, म्हणून विकणारा भावही कमी सांगतो. पण बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ गाडी इथे ठेवायची तर मूळ आरटीओकडून फॉर्म २८ ची एनओसी आणून इथे पुन्हा नोंदणी करायची आणि इथला कर भरायचा. महाराष्ट्रात आयात केलेल्या गाडीला आणि कंपनीच्या नावावरच्या गाडीला २० टक्के कर आहे, आणि कराची कमाल मर्यादा जुलै २०२५ पासून २० लाखांवरून ३० लाख झाली आहे. आधी आरटीओत जाऊन त्या विशिष्ट गाडीला किती कर बसेल ते विचारा, तो आकडा किमतीत मिळवा, मगच स्वस्त की महाग ते ठरवा.

गाडी कंपनीने इथे अधिकृत विकलेली नसेल आणि कुणीतरी बाहेरून आणलेली असेल, तर सीमाशुल्काची बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयातीच्या नोंदीचा कागद, मागा. तिच्यावरचा चेसिस नंबर जुळवा. कार्नेट या तात्पुरत्या प्रवेशाच्या कागदावर आलेली गाडी परत न्यावीच लागते. ती कुणी कितीही स्वस्तात देऊ केली तरी नाही म्हणा. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने भूतानमार्गे आणल्याचा संशय असलेल्या गाड्यांवर मोठी कारवाई केली. अशा वेळी गाडी ज्याच्या दारात सापडते त्याच्याकडून ती जाते, त्याने पूर्ण पैसे मोजलेले असले तरी.

सीमाशुल्काचं प्रकरण मराठी माणसाला नवं नाही. सचिन तेंडुलकरला ब्रॅडमनच्या २९ शतकांशी बरोबरी केल्याबद्दल लाल फेरारी ३६० मॉडेना भेट मिळाली, तेव्हा शुल्कमाफीवरून केवढा वाद झाला होता ते आठवा. शेवटी ते शुल्क फियाटने भरलं. पुढे ती गाडी सुरतेच्या एका उद्योजकाकडे गेली. तिच्यात आणि दुसऱ्या ३६० मध्ये यांत्रिक फरक नाही, पण आधीचा मालक कोण हे कागदोपत्री सिद्ध होतं म्हणून तिचं मोल वेगळं. तुमच्या गाडीला सचिन लाभणार नाही, तरी पहिल्या मालकाचं मूळ बिल, दोन्ही किल्ल्या, सर्व्हिस बुक आणि प्रत्येक वर्कशॉपचं इनव्हॉइस एका फाइलमध्ये असेल, तर तीच फाइल पुढे लाखांत मोजली जाते.

तपासणी: दिवसा, थंड इंजिनावर, घाई न करता

आधी कळवून जा आणि सांगा की इंजिन चालू करून ठेवू नका. पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून बघा. गरम असेल तर थंड इंजिनाचा पहिला आवाज तुमच्यापासून लपवला गेलाय.

रंगाची जाडी मोजायचं मीटर सोबत न्या, स्टील आणि ॲल्युमिनियम दोन्हींवर चालणारं. कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनमध्ये असतो. ३०० च्या आसपास आकडा आला तर तो भाग पुन्हा रंगवलाय. हजारावर गेला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे, म्हणजे पत्रा आत गेला होता. एका बाजूच्या बंपरला रंग मारणं मुंबईत अगदी सामान्य आहे, मी त्यावरून गाडी सोडत नाही. छत, खांब आणि दारांच्या आतल्या कडा मात्र मूळ रंगाच्याच हव्यात.

टायरवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावा लागतो. सगळ्या काचांवरच्या तारखा गाडीच्या वर्षाशी जुळतात का बघा. कार्पेट उचलून वास घ्या. सीटबेल्टचं तर सांगितलंच.

नंतर गाडी अधिकृत वर्कशॉपमध्ये किंवा त्याच ब्रँडवर हात बसलेल्या उस्तादाकडे न्या आणि पैसे देऊन पूर्ण तपासणी करा. विकणारा गाडी न्यायला तयार नसेल तर विषय संपला. पोर्शच्या संगणकातून ओव्हर-रेव्ह अहवाल निघतो. वरच्या गिअरऐवजी चुकून खालचा पडून इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं असेल तर ते त्यात दिसतं. प्रत्येक मॉडेलचं दुखणंही आधी वाचून जा. बीएमडब्ल्यूच्या २००७ ते २०१३ मधल्या व्ही८ एम३ ची इंजिनातली रॉड बेअरिंग लवकर झिजतात. ती बदलल्याचं बिल असेल तर गाडीचं मोल वाढतं. २०१४ मध्ये पोर्शने आगीच्या घटनांनंतर ७८५ जीटी३ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. अशा गाडीत इंजिन बदललेलं दिसलं तर घाबरू नका, फक्त कंपनीचा कागद मागा.

विमा

गाडी नव्या मालकाकडे आली की चौदा दिवसांत विमा त्याच्या नावावर करून घ्यायचा. दुसरी अडचण आयडीव्हीची, म्हणजे गाडी पूर्ण गेली तर विम्यातून मिळणाऱ्या कमाल रकमेची. ठरलेल्या तक्त्याप्रमाणे पाचव्या वर्षापर्यंत आयडीव्ही निम्म्यावर येतो, बाजारभाव वाढत असला तरी. पाच वर्षांनंतर तो विमा कंपनी आणि मालक यांनी बोलून ठरवायचा असतो. तेव्हा फोटो, सर्व्हिसची बिलं आणि तशाच गाड्यांचे मागितलेले भाव घेऊन बसा, आणि मान्य झालेला आकडा पॉलिसीत छापलेला बघा. इंजिन प्रोटेक्ट हे जोड-संरक्षण मुंबईत वगळू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू केली आणि इंजिनात पाणी ओढलं गेलं, तर साध्या पॉलिसीत त्याचे पैसे मिळत नाहीत.

मुंबईच्या हवेत गाडी जपणं

खरेदीपूर्वी पार्किंग पक्कं करा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि तळघरांत उभ्या असलेल्या असंख्य गाड्या बुडाल्या. आपल्या इमारतीच्या वॉचमनला विचारा, मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत येतं. त्याला तंतोतंत माहीत असतं. स्टॅक पार्किंगमधला खालचा, खड्ड्यातला कप्पा मिळत असेल तर घेऊ नका. पंप बंद पडला की तोच पहिला भरतो. वरच्या कप्प्यातही बुटक्या गाडीचं नाक उतारावर घासतं, म्हणून आधी मोजमाप करा.

सोसायटीत चार्जिंग पॉइंटसाठी लेखी परवानगी घ्या, कारण उभ्या गाडीची बॅटरी ट्रिकल चार्जरवर (हळूहळू चार्ज करत राहणाऱ्या) ठेवावी लागते. कव्हर हवा खेळणाऱ्या कापडाचं घ्या. प्लास्टिकखाली दमट हवा कोंडते आणि वरळी-दादरच्या खाऱ्या वाऱ्यात नटबोल्टांना आधी गंज धरतो. उंदरांकडे दुर्लक्ष करू नका. आमच्या शेजाऱ्याच्या गाडीचा वायरिंग हार्नेस एका रात्रीत कुरतडला गेला आणि नवा भाग परदेशातून यायला दोन महिने लागले. बॉनेटखाली आठवड्यातून एकदा टॉर्च मारून बघा, लेंड्या दिसतात.

दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करणं चुकीचं आहे. त्याने तेल तापत नाही आणि एक्झॉस्टमध्ये पाणी साठतं. त्यापेक्षा दोन आठवड्यांनी पहाटे पाच-साडेपाचला निघा, अटल सेतूवरून पलीकडे जाऊन या. तासभर नीट तापलेली गाडी निरोगी राहते. पेट्रोल आता ई२० म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं आहे आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून टाकीत जुनं पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नका. नव्या गाडीचे फक्त किलोमीटर वाचवत बसणाऱ्यांशी माझं पटत नाही. वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चाललेली, बिलांनी भरलेली गाडी जाणकार गिऱ्हाईक आधी उचलतं.

पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण येतं, आयात गाडीला ते जड जातं. वीस वर्षांवरच्या आयात गाडीला ही फी ऑगस्ट २०२५ पासून ८०,००० रुपये झाली आहे. दीर्घकाळ ठेवायचं ठरवत असाल तर हेही वहीत लिहा.

विकताना

गिऱ्हाईक घरी आलं की आधी फाइल दाखवा, मग गाडी. चालवायला द्यायची तर शेजारी स्वतः बसा. गाडी स्वतःच्या वापरातली असेल तर नफ्यावरचा कर आणि कंपनीच्या नावावर घसारा घेतलेली असेल तर होणारा कर, हे दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. व्यवहारापूर्वी सीएकडे अर्धा तास बसा.

पैसे बँकेतूनच घ्या, आणि जमा झाल्यावरच किल्ली द्या. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर तुमच्या सह्या घेऊन कुणाला गाडी परस्पर नेऊ देऊ नका, राज्यातल्या विक्रीची माहिती चौदा दिवसांत आरटीओला स्वतः द्या. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर अपघाताची भरपाई तुमच्याकडे मागता येते, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये हे स्पष्ट केलं आहे. एजंट म्हणेल, "काळजी करू नका साहेब, आठवड्यात होऊन जाईल." तरी दर दोन-तीन दिवसांनी एमपरिवहनवर नंबर टाकून बघत राहा, नव्या मालकाचं नाव दिसेपर्यंत.